पाहुणा भंते

६ ऑक्टोबर १९८५, रविवार. संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे.

रामाकोना स्टेशनवर रघुनाथरावांच्या संत्र्याच्या पेट्यांवर नंबर टाकत होतो. नागपूरकडून छोट्या लाईनची, नॅरोगेजची गाडी आली. तिच्यातून एक माणूस उतरला, थोडा चालला आणि माझी पेटी धरून खाली बसला. मग ओकला. पेटीवर नाही, बाजूला.

डोके तुळतुळीत. डोळे बारीक. अंगात विटकरी रंगाचा लांब सदरा, खांद्यावर तशीच शाल, पाठीवर मोठी पिशवी. लहानपणी नागपूरला दीक्षाभूमीवर बाबांच्या खांद्यावर बसून मी असेच भंते पाहिले होते. मी विचारले, "जपान?" तो म्हणाला, "जपान." मी हात जोडले आणि "भंते" म्हणालो. त्याने नको नको असा हात हलवला आणि पुन्हा ओकला.

गाडी त्याला सोडून निघून गेली. स्टेशनमास्तर म्हणाले, "हिरामण, हा तुझाच पाहुणा दिसते बाप्पा. घेऊन जाय." त्याची पिशवी सायकलवर बांधली आणि त्याला हळूहळू चालवत गावाबाहेरच्या वस्तीवर, आमच्या टोल्यावर आणले.

मायने तांदळाची पेज केली. त्याने सगळी प्यायली आणि वाटी पुढे केली. तोवर दिवे लागले होते. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत हे मला माहीत आहे आणि मायलाही. तिने वाटी भरून दिली. आजारी भिक्खूला सूट असावी.

७ ऑक्टोबर

नाव परत परत म्हणवून घेतले आणि मग लिहिले: शिगेरू. शेवटचे अक्षर दीर्घ आहे की ऱ्हस्व याची खात्री नाही.

देवीदासकाका ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आले. ते रेल्वेत गँगमन आहेत आणि आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. दारातूनच त्यांनी खाटेवर झोपलेल्या शिगेरूला पाहिले आणि मला बाहेर ओढले.

"अबे, तू का घेऊन आला घरी, तुले समजून राहिलं का?"

"आजारी आहेत, काका."

"आजारी राहू दे. चौदा तारखेपर्यंत बरे कर त्यायले."

मला ते तेव्हाच समजले होते, पण मोठ्याने म्हणायला भीती वाटत होती. वैशाखात आणलेली बुद्धमूर्ती आमच्या घरात पोत्यात गुंडाळून उभी आहे. १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, ती नाल्याकाठच्या ओट्यावर बसवायची आहे. ओटा आमच्या आजोबांच्या वेळचा. पण त्याला लागून रघुनाथरावांच्या बगीच्याची गाडीवाट जाते आणि ओट्याची जागा आपली असे ते म्हणतात. मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले की मूर्ती बसली तर दुसऱ्या दिवशी ओटा राहणार नाही. टोल्यातले अर्धे लोक त्यांच्याच बगीच्यात कामाला आहेत. मीसुद्धा. नागपूरचे भंते येणार होते, त्यांचेही जमत नाही असे पत्र आले. लोक म्हणू लागले होते, पुढच्या वर्षी पाहू.

आणि आता हे.

काकांना पेजेचे सांगितले. ते म्हणाले, "आजारपणात चालते." हे त्यांना माहीत होते की त्यांनी आत्ताच ठरवले, कळले नाही.

८ ऑक्टोबर

जुलाब थांबले. रात्री माझ्या ताटातले अंडे शिगेरूने बोट दाखवून मागितले आणि खाल्ले. मायला तो "माय" म्हणतो, मी म्हणतो म्हणून. माय हसली. "पाय, तुह्यापेक्षा ह्याच्या तोंडी बरं वाटते."

त्याला थोडी हिंदी येते, थोडी इंग्रजी. माझी इंग्रजी नववीत सुटली तिथेच आहे. तरी बोलणे होते. त्याला ह्या लहान गाडीत बसायचे होते, एवढ्यासाठीच तो नागपूरहून इकडे आला. मी "भंते" म्हणालो की तो मान हलवून हसतो. मोठी माणसे स्वतःला मोठे म्हणवून घेत नाहीत.

९ ऑक्टोबर

आज ते झाले जे कोणाला वाटले नव्हते.

शिगेरूला बगीचा पाहायचा होता, म्हणून कामावर जाताना बरोबर नेला. रघुनाथराव झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्याला पाहून उठले. टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"कोण्या देशाचे महाराज?"

"जपानचे, मालक. भंते आहेत. मूर्तीसाठी आले." शेवटचे वाक्य मी का जोडले ते माहीत नाही. तोंडातून निघून गेले.

रघुनाथरावांनी खूप वेळ शिगेरूकडे पाहिले. त्याने एक संत्रे उचलून नाकाला लावले आणि "बहुत अच्छा" म्हटले. रघुनाथराव खूश झाले. स्वतः सोलून दिले. मग मला म्हणाले, "असं पाय हिरामण. साधू कोण्याही धर्माचा असो. त्याच्या हातानं होऊन राहिलं तर मी आडवा येत नाई. पण तुम्हा लोकायच्या हातानं नाई. एवढं सांगजो देवीदासले."

मी धावतच काकांकडे गेलो. काकांनी मला मिठी मारली. संध्याकाळपर्यंत टोल्यात सगळ्यांना कळले. बायकांनी ओटा सारवायला घेतला. घरी येऊन मायला रघुनाथरावांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्या हातानं नाई म्हणते." मी म्हणालो, पण हो तर म्हणाले ना. तिने भाकरी तव्यावर टाकली.

१० ऑक्टोबर

लिहावे की नाही याचा विचार करत होतो. लिहितो.

दुपारच्या सुट्टीत शिगेरूने पिशवीतून एक फोटो काढला. म्हातारा माणूस, डोक्यावर रेल्वेची टोपी, मागे लहान इंजिन. "बाबूजी. ड्राइवर. छोटा रेल." मग दोन्ही हात छातीवर ठेवून डोळे मिटले. "खतम. अगस्त." चिठ्ठी त्याला काशीला मिळाली, खूप उशिरा. घाटावर पुष्कळ माणसे डोके करत होती, मुंडण, बापासाठी, आजोबांसाठी. तोही त्यांच्यात जाऊन बसला. न्हाव्याने पाच रुपये घेतले. सदरा आणि शाल तिथलीच, रस्त्यावरच्या दुकानातली, कारण स्वस्त होती.

मी विचारले, "भंते नहीं?"

"भंते नहीं," तो म्हणाला. "रोज बोला. तुम हँसा."

डोके केले तेही काशीला, पितरांसाठी! श्राद्ध करणार नाही अशी दीक्षेत प्रतिज्ञा घेतलेले लोक आम्ही. चिडायचे कोणावर हेही समजेना.

काकांना रुळावर गाठून सांगितले. ते हातोडा टेकवून उभे राहिले. "कोणाकोणाले मालूम आहे?"

"मला आणि तुम्हाला."

"मंग गप राहाय. चार दिवस. तो ओट्यावर बसला, मूर्तीले हात लावला, झालं. पुढचं मी पाहीन."

"खोटे होईल, काका."

"हिरामण, त्या ओट्यावर आपले लोक पाच वेळा मार खाऊन चुकले. तुहा बापही त्यात होता. मले खरंखोटं शिकवू नको."

१२ ऑक्टोबर, शनिवार

रघुनाथरावांनी आठवड्याची मजुरी वाटली नाही. संत्रा नागपूरला विकल्यावर देतो म्हणाले.

शिगेरूने विमानाचे तिकीट दाखवले. मुंबईहून १६ तारखेच्या रात्रीचे. घरी आई एकटी आहे. उद्याच्या गाडीने निघतो म्हणाला. मी त्याला सांगितले की रूळ खचला आहे, छोटी गाडी आजपासून बंद आहे, चौदाला संध्याकाळी सुरू होईल. चौदाला सकाळी आमचा एक कार्यक्रम आहे, तेवढा बघून जा. हे सगळे मी नजर खाली ठेवून बोललो. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठीक है, हिरामण-सान. चौदह."

दिवे लागायच्या वेळी गाडीने शिट्टी दिली. मी म्हणालो, मालगाडी आहे. शिगेरूने मान डोलावली. बापाचे जन्मभराचे काम तेच असले तरी आपल्याकडच्या शिट्ट्यांतला फरक त्याला कसा कळणार.

आणखी एक वाईट गोष्ट. बगीच्यात मुनीमाने त्याला बिडी दिली आणि त्याने ती ओढली. नाकातून धूर काढून दाखवला, मजूर हसले. रघुनाथराव लांबून पाहत होते. जाताना मला विचारले, "तुमचे महाराज बिडी पेतात का रे?" मी म्हणालो, "जपानमध्ये चालते, मालक." ते "हो का" म्हणाले आणि गेले. त्या "हो का"मुळे जेवण गेले नाही.

१३ ऑक्टोबर

कार्यक्रमात काय करायचे ते शिगेरूला शिकवले. ओट्यावर मांडी घालून बसायचे, मी खूण केली की मूर्तीला दोन्ही हात लावायचे. त्याने विचारले, "मैं क्यों?" मी म्हणालो, "मेहमान." तो तयार झाला. पाहुण्याला मान देतात असेच त्याला वाटले असणार.

सकाळी अंघोळीनंतर तो बापाचा फोटो भिंतीला टेकवून त्याच्यापुढे काहीतरी पुटपुटत होता. मायने न विचारता दिवा लावून आणून ठेवला आणि पदर डोक्यावर घेऊन त्याच्या मागे बसली. मला वाटले, भंते समजून बसली. तिला खोट्यात किती दिवस ठेवायचे?

रघुनाथरावांचा माणूस आज टोल्यातून दोनदा गेला. ओट्याकडे पाहिले आणि गेला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर बसून लिहीत आहे. शेवटची बस गेली. सकाळी मिळेल.

सकाळी सगळे जमले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. मूर्ती पोत्यातच ओट्याखाली आणून ठेवली होती. शिगेरू वर मांडी घालून बसला. लहान मुले त्याच्या पाया पडत होती आणि तो प्रत्येकाच्या पाया पडायला वाकत होता.

तेवढ्यात गाडीवाटेवरून जीप आली. रघुनाथराव, त्यांची पाच-सहा माणसे आणि एक हवालदार. माणसांच्या हातात सब्बली होत्या, लोखंडी पहारी. माझ्या शेजारच्या बाईने पोराला ओढून पोटाशी धरले.

हवालदाराने शिगेरूचा पासपोर्ट मागितला, उलटून पाहिला. "ये तो टूरिस्ट है. साधू है क्या ये?"

देवीदासकाका पुढे झाले. "भंते आहेत, साहेब."

"भंते है तो टूरिस्ट के वीजे पे धरम का काम कैसे कर रहा है? शिकायत आई है. थाने चलना पड़ेगा. वहाँ से छिंदवाड़ा. दो-चार दिन लगेंगे."

शिगेरूला "थाना" समजले. तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिले. काकांकडे नाही, हवालदाराकडे नाही. काकांनीही माझ्याकडे पाहिले. ती नजर मला समजत होती: गप राहाय.

मी गप राहिलो तर विमान गेले, आणि परक्या देशात कोठडी. बोललो तर ओटा गेला. मी मनात शंभर वेळा दोन्ही बाजू मांडल्या असतील. प्रत्यक्षात एखादा श्वासच गेला असेल.

"तो भंते नाही," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "भंते नाही, साहेब. माझा पाहुणा आहे. गाडीतून आजारी उतरला. भंते आहे असे मीच सगळ्यांना सांगितले. त्याला ह्यातले काही माहीत नाही."

मागे बायकांचा आवाज उठला आणि बसला. काकांनी खाली मान घातली.

रघुनाथराव माझ्या अगदी जवळ आले. "मले फसवलं तुनं?"

"हो, मालक."

"मंग डोकं काऊन केलं त्यानं?"

"त्याचा बाप वारला. काशीला केले. तिथे सगळे करत होते म्हणून."

"बापासाठी?"

"हो."

रघुनाथराव शिगेरूकडे वळले. शिगेरूला एवढेच कळले असावे की बापाचे बोलणे चालू आहे. त्याने सदऱ्याच्या खिशातून फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. रघुनाथरावांनी तो हातात घेतला नाही, पण बराच वेळ पाहिला. मग टोपी काढली, पुन्हा घातली.

"आज सर्वपित्री अमावस आहे," ते हवालदाराला म्हणाले. "माह्या घरी पान वाढून राहिले. बापाचं करून आलेला माणूस आजच्या दिवशी माह्या दारातून थान्यात नाई जाणार. राहू द्या साहेब. पाहुणा आहे म्हणते ना हा, मंग पाहुणाच लिवा."

हवालदाराने पासपोर्ट परत दिला. त्यालाही ते बरेच वाटले.

शिगेरूची गाडी, विमान, सगळे मी सांगितले. रघुनाथराव म्हणाले, जेवून निघू, मला पांढुर्ण्याला मुलीकडे जायचेच आहे, तिथून मोठ्या लाईनची गाडी मिळेल. मग काकांकडे पाहून म्हणाले, "अन् तुमचं तहसीलात पाहू. साधू नाई, त मूर्ती नाई. हात लावाल त मले मालूम पडेन." त्यांची दोन माणसे सब्बली घेऊन गाडीवाटेवरच थांबली.

मी जीपमध्ये बसलो. शिगेरूने माझी बाही धरून ठेवली होती. मागे पाहिले तेव्हा माय पोत्याशेजारी उभी होती, आणि काका माझ्याकडे पाठ करून.

रघुनाथरावांच्या वाड्यात शिगेरूला पाटावर बसवले. वडे, खीर. मी जीपजवळ उभा होतो. त्यांच्या सून प्रेमलताबाईंनी एका गड्याच्या हाती माझ्यासाठी बाहेर पत्रावळ पाठवली. मी भूक नाही म्हणालो. ओसरीवरून शिगेरूने मला हात केला, ये, ये. मी टायर पाहत असल्याचे दाखवले. त्याने आणखी एकदा हाक मारली. मग कोणी तरी त्याच्या पानात वडा वाढला.

वाटेत सौंसर मागे पडल्यावर रघुनाथराव म्हणाले, "उद्यापासून बगीच्यात येऊ नको." एवढेच. शिगेरूला त्यांनी संत्र्यांची पिशवी दिली.

पांढुर्णा स्टेशनवर आम्ही दोघेच होतो. रुळाचे खोटे त्याला सांगून टाकायचे होते. इंग्रजी वाक्य मनात जुळवले, पण ते उच्चारायच्या आत गाडीची घंटा झाली. डब्याच्या दारात उभे राहून त्याने दोन्ही हातांनी मांडी घातल्याची खूण केली. "वो... बैठा?"

मला काही माहीत नव्हते. ओटा आहे की नाही हेसुद्धा नाही.

"बैठा," मी म्हणालो.

तो वाकला, खूप खाली. गाडी हलली तरी वाकलेलाच होता.

१५ ऑक्टोबर

सौंसरहून पायी आलो. मुद्दाम नाल्याच्या वाटेने. वळणापर्यंत मान वर केली नाही.

मूर्ती बसली आहे.

ओट्याची एक कड फुटली आहे, पण मूर्ती बसली आहे. पोते खाली पडले होते. घडी करून घेतले.

घरी माय डाळ निवडत होती. मी विचारले, कोणाच्या हाताने? ती म्हणाली, "जीप गेली त सगळे उभेच. देवीदासभाऊ म्हणे, भंते पाहू दुसरे. मी म्हटलं, कोणाच्या हाताची वाट पाहून राहिले? आम्ही सहा बायका होतो, उचलली. मंग बाप्ये धावले."

"आणि सब्बलीवाले?"

"एकानं कडेवर मारली. मी तिथंच बसली होती, कडेवर. दुसऱ्यानं त्याचा हात धरला. आपल्याच बगीच्यातले पोट्टे ते. मंग निघून गेले."

"त्रिशरण कोणी म्हटले?"

"सगळ्यायनं. देवीदासभाऊ मध्येच विसरला."

मी खाली बसलो. म्हणालो, "माय, मी तुझ्याशीही खोटे बोललो. तो भंते नव्हता."

"मले त पहिल्याच दिवशी मालूम होतं. पोट्टा दिवे लागल्यावर दोन वाट्या पेज पेला."

"मग बोलली का नाही?"

"तुनं पाहुणा आणला होता घरी. पाहुण्याले विचारते का कोणी, तू कोण म्हणून?"

दुपारी देवीदासकाका आले. आत आले नाहीत. दाराबाहेर उभे राहून रस्त्याकडे पाहत बोलले. तहसीलातून कागद आला आहे, बावीस तारखेला बोलावले आहे. तोवर ओट्यावर पहारा ठेवायचा, घराघराने. मी म्हणालो, काका, काल मी... त्यांनी हात वर करून थांबवले.

"तुही पाळी आज आहे. संध्याकाळी. घोंगडी आणजो, गार पडून राहिलं." आणि गेले.

हिशेब.
पांढुर्णा स्टेशन, प्लॅटफॉर्म तिकीट: ५० पैसे.
चहा, दोन: ८० पैसे.
पांढुर्णा ते सौंसर बस: ३ रुपये ५० पैसे.
एकूण खर्च: ४ रुपये ८० पैसे.
देणे: ओट्याच्या चुन्याची माझी वर्गणी, ११ रुपये, देवीदासकाकांकडे.
येणे: रघुनाथरावांकडून सहा दिवसांची मजुरी, ६० रुपये. ती मागायला आत्ता निघतो आहे, पहाऱ्याच्या आधी. गाडीवाटेनेच जाईन.